शाईचा हात

अहो, रंगराव पडला. मतं मोजून झाली, गुलाल दुसऱ्याच्या अंगावर पडला आणि रंगराव तालमीच्या मागच्या दारानं घरी गेला. तुम्ही गेलात तिकडं वर आपल्या गल्लीतली माणसं काही कमी नाहीत, त्यातली निम्मी त्याचीच. ती तुम्हाला उलटंसुलटं सांगायच्या आत मीच सांगते.

आज तुमचा दिवस घातला, उत्तरकार्याचा. पावणं जेवून आडवी झाली आहेत, मांडववाल्याची माणसं कनाती सोडताहेत, आणि मी तुमच्या सायकल दुकानात त्या बुटक्या स्टुलावर बसून हे लिहितेय. ह्याच स्टुलावर बसून तुम्ही पंक्चर काढायचात आणि मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायचात. मुरगूडला माहेरी माझी शाळा चौथीत सुटली होती. तुम्ही ती इथं, ग्रीसच्या वासात, परत सुरू केलीत. म्हणून लिहिताना मी तुम्ही शिकवलंत तसं लिहिते. तोंडात मात्र अजून आपलीच बोली हाय, ती काय तुमच्या शाळेत आली न्हाय.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. त्यात तुम्हाला अजातशत्रू म्हटलंय. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजातशत्रू म्हणे! तुम्हाला शत्रू नव्हता, कारण तुमच्या वाटणीचं वैर इतकी वर्षं मी सांभाळलं. तुम्ही सगळ्यांना माफ करत सुटायचात आणि मी मागं राहून एकेकाला लक्षात ठेवायची. घरात दोघांनीही माफ करायचं म्हटलं तर लोक अंगावरून चालत गेले असते.

आपली शिवाजी पेठेतली गल्ली ती केवढी! वरच्या अंगाला रंगरावाची तालीम आणि तिच्याभोवतीची सगळी घरं सरकारी पार्टीची. खालच्या अंगाला आपली भावकी, गवंडी, सुतार, गिरणीत जाणारे, सगळे लाल झेंड्याचे. फुटबॉलला दोन्ही अंगं एकाच टीमच्या नावानं बोंबलायची, आषाढात एकाच देवीला जायची, पण मताच्या दिवशी वर म्हणजे वर आणि खाली म्हणजे खाली. त्यात खालची माणसं जास्त. तरी पालिकेत मेंबर कायम वरचा. कारण वरचे झाडून सगळे मत द्यायला जायचे, आणि आपले लोक विडी ओढत कट्ट्यावर बसून म्हणायचे, "एका मतानं काय हुतंय?"

ह्या एका वाक्याचा तुम्हाला जेवढा राग होता तेवढा रंगरावाचा कधी आला नाही. मताच्या दिवशी दुकान बंद ठेवून तुम्ही सायकलच्या कॅरिअरवर म्हातारीकोतारी बसवायचात आणि शाळेत पोचवायचात. कुणाला मत देणार हे विचारायचं नाही, हा तुमचा नियम. मलासुद्धा कधी विचारलं नाहीत. एकदा तर रंगरावाच्या आईला, आक्काला, कॅरिअरवर घेऊन निघालात. मी दारात उभी. माझा जीव नुसता तडफडला.

"कशाला नेलासा तिला?" परत आल्यावर मी विचारलं.

"तिचा गुडघा दुखतोय की गं."

"ती तुमच्या पार्टीच्या इरोधात देणार हाय!"

"देऊ दे की. द्यायला तरी गेली."

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, माणूस उठून गेला पाहिजे, कुणाला देतोय तो त्याचा प्रश्न. मी म्हणायची, मग आपण कशाला जन्माला आलोय, नुसती सायकल हाणायला?

मग ती पोटनिवडणूक आली, आषाढातली. तुम्ही स्वतः उभे राहिलात. खालच्या अंगाला नळाच्या चावीला पाणी यायचं नाही, वर मात्र तालमीचा हौद भरून वाहायचा, तेवढ्यावर तुमचा सगळा प्रचार. खालची घरंच्या घरं तुमच्या मागं होती. रंगरावाला ते दिसत होतं. आपली मतं फोडता येणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं. मग त्यानं दुसरी युक्ती काढली. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी मला ते पहिल्यापासून लिहायचंय, म्हणजे राग पुरा बाहेर येईल.

आषाढात कोल्हापुरातली गल्ली न् गल्ली आपापला मंगळवार नाही तर शुक्रवार धरते आणि पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर देवीला घालून येते. पुढं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजतं, मागं बायका डोक्यावर घागरी घेऊन चालतात, आणि परत आल्यावर घरोघरी मटण. जत्रा कुठल्या दिवशी धरायची ते तालीम ठरवते. मतदान शुक्रवारी होतं. रंगरावानं जत्राही त्याच शुक्रवारी धरली. देवीचा दिवस, त्याला नाही कोण म्हणणार? शिवाय आक्काच्या तोंडून गल्लीभर फिरवलं की ज्या हाताला मताची शाई लागलीय त्या हातानं गंगेची घागर उचलायची नाही. काळं लागलेला हात देवीला चालत नाही. मत द्यायचं असेल तर पाणी घालून आल्यावर द्या.

आणि आपल्या लोकांनी ते मानलं! वरच्या बायका घागरी घ्यायला फारशा आल्याच नाहीत, त्या आधी मत देऊन मोकळ्या झाल्या. खालच्या मात्र सगळ्या न्हाऊनधुऊन, स्वच्छ बोटं घेऊन घाटावर.

मी मानलं नाही. शाळेचं दार उघडताच मत दिलं आणि तशीच घाटावर गेले. पहिली मानाची घागर सासूबाईंपासून आपल्या घराकडं. ती भरून डोक्यावर घेतली, पाऊल टाकणार, तोच आक्का पुढं आली. माझा डावा हात धरून तिनं सगळ्यांना दाखवला.

"ह्या हातानं गंगा उचलाय लागलीयास व्हय गं? उतरव ती!"

उतरवायला उसंत दिलीच नाही तिनं. ओढलीच घागर. अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं, आणि अर्धी उरलेली घागर तिनं आपल्याच खालच्या अंगाच्या फुलामावशीच्या डोक्यावर दिली. सगळी गल्ली बघत होती. पी-ढबाकवाले वाजवायचे थांबले. आपल्या भावकीतली एक बाई बोलली नाही. मी तशी ओलीचिंब चालत शाळेपाशी आले. तुम्ही दारासमोर टेबल टाकून एकटेच बसला होतात, पुढ्यात चिठ्ठ्या, वर छत्री. मी म्हटलं, "घागर काढून घेतली माझी." तुम्ही छत्री माझ्यावर धरलीत आणि म्हणालात, "पदर पिळ आधी, सर्दी हुईल."

एवढंच. त्या वेळी तुम्ही उठून घाटावर गेला असतात, एक शब्द बोलला असतात, तर कदाचित मी हे सगळं विसरले असते. सांगता येत नाही.

थोड्या वेळानं मिरवणूक शाळेवरूनच गेली. आपली माणसं तुम्हाला हात करत होती. "शामूदा, येतो की परत येताना!" खरंच येणार होती ती, त्यांच्या मनात पाप नव्हतं. पण तालमीनं मिरवणूक चौकाचौकात थांबवली, नाचवली, टेकडीवर आरत्या लांबवल्या. माणसं परतली तेव्हा शाळेचं फाटक लागलं होतं. घागरी काखेत घेऊन सगळी फाटकासमोर उभी, आणि फुलामावशी विचारतेय, "बंद झालं व्हय? आमी जेवायच्या आदी आलो की!" तुम्ही हसलात. त्यांना म्हणालात, जावा, जेवून घ्या, पुढच्या बारीला बघू. पडणार होतात तुम्ही, मोजणीत थोडक्यात पडलातही, आणि समजूत त्यांची काढत होतात.

संध्याकाळी रंगरावाच्या घरून रश्श्याची किटली आली. मी ती गटारात ओतणार होते. तुम्ही माझ्या हातातून घेतलीत, भाकरी चुरलीत आणि जेवलात. "अन्नावर राग काढू नये," म्हणालात. मी उपाशी झोपले, हे तुम्हाला कळलं होतं का? कधी विचारलं नाहीत.

त्यानंतर मी घागर उचलली नाही. लोकांनी नंतर बोलावलं, आक्का गेल्यावर तर मानानं बोलावलं, पण नाही म्हणजे नाही. रंगरावाच्या पोरीच्या लग्नात तुम्ही अंगातला शर्ट घामानं भिजेपर्यंत पंगती वाढल्यात. मी घरात बसून तांदूळ निवडले. आमंत्रणाची पत्रिका मी चुलीत घातली हे तुम्हाला माहीत होतं, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही राख भरताना काही बोलला नाहीत. बारा-तेरा वर्षं अशी गेली. तुम्ही त्याला रस्त्यात "काय रंगराव" म्हणायचात आणि मी पदर तोंडावर ओढायची.

ह्या वेळी तो परत उभा राहिला. आपल्याकडून हायस्कूलातले कुंभार सर. तुम्ही छातीत दुखत असताना दारोदार फिरत होतात, तेच जुनं तुणतुणं घेऊन, कुणालाबी द्या पण जावा. मग दवाखाना. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही माझा हात धरलात. मला वाटलं, काही मनातलं सांगाल. तर म्हणालात, "रंग्याचं आता डोक्यातनं काढ."

मी म्हटलं, "काढत न्हाय, जावा तिकडं."

तुम्ही हसलात. सकाळी खरंच गेलात. आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं, आणि त्यातही तो मेला रंगराव होताच. सांगा बरं, ह्याला मी माफ कसं करायचं?

रक्षाविसर्जनाला घाटावर तो सगळ्यांच्या पुढं. हातात हार, डोळ्याला रुमाल. आमची बाकीची बायामाणसं रडत होती आणि मी त्याचं भाषण कान देऊन ऐकत होते. "शामराव म्हंजे गल्लीचा आधार. अख्ख्या गल्लीनं दुखवटा पाळायचा. भावकीनं तर दिवस होईतवर उंबरा वलांडायचा न्हाय, सुतकात शाई लावून घ्यायची न्हाय, गेलेल्याला तरास हुतो. दिवसाच्या पंगतीला मी सोता हजर ऱ्हाणार."

मतदान तुमच्या दिवसाच्या आधी होतं. खालचं अंग म्हणजे निम्मी आपली भावकी. माझं रडू तिथंच थांबलं. अहो, त्यानं त्या साली देवी वापरली आणि ह्या साली तुम्हाला वापरलं. तुम्ही ज्यांना आयुष्यभर उठवत होतात त्यांना घरात कोंडायला त्यानं तुमचं मरण हाताशी धरलं. त्या क्षणी मी पंचगंगेकडं बघून ठरवलं, आता तुम्ही मला आवरायला नाही आहात.

मताच्या दिवशी सकाळी मी न्हाले, पांढरं लुगडं नेसले आणि चप्पल घातली. तुमच्या थोरल्या वैनी दारात आडव्या झाल्या. "बाई, येड लागलंय का तुला? कुकू पुसून आठवडा झाला न्हाय आन् भाईर निघालीस? लोक तोंडात श्याण घालतील."

"घालू द्या. आदी मत देतो, मग घालू द्या."

उंबरा ओलांडला. भर उजेडात, मोकळ्या कपाळानं, मोकळ्या हातांनी. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू. गल्ली एवढी लांब आहे हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. दारादारात बायका उभ्या. रस्ता माझ्यासाठी मोकळा होत होता, तो मानानं की विटाळानं, ते समजेना. फुलामावशी कट्ट्यावर बसली होती, आता पार वाकलेली.

"कुटं निघालीस गं?"

"मत द्यायला."

"सुतकात?"

"देवळात न्हवं जात मावशी, शाळंत जातोय. मालकांचं ऱ्हायलेलं काम हाय."

 ती काठी टेकत उठली. "थांब. त्या साली तुझी घागर माझ्या डोस्क्यावर दिली हुती गं रांडंनं. अजून मान दुखतीया." आणि माझ्या खांद्याला धरून चालायला लागली. तिला बघून तिच्या सुना निघाल्या. मागं वळून बघितलं तर थोरल्या वैनीसुद्धा. खुद्द विधवा बाई घरातून निघाली म्हटल्यावर बाकीच्यांनी कुठल्या तोंडानं सुतक सांगायचं? दुपारपर्यंत खालच्या अंगाला घरात माणूस उरलं नाही. तुमची सायकल गवंड्याच्या पोरांनी काढली आणि म्हातारी माणसं नेली. वरच्या अंगाची पण नेली हो, तुमचा नियम मोडला नाही कुणी. शाळेबाहेर रांग वळसा घेऊन चौकात गेली होती. तुम्ही ती रांग बघायला हवी होतात. तेवढ्यासाठी मी एकदा रडले, पदरात तोंड घालून, रांगेतच.

रंगराव फाटकाशी खुर्चीवर होता. मला बघून उभा राहिला. "वैनी, तुमी? ह्या दिवसांत?"

मी त्याच्या खुर्चीला वळसा घातला. आत जाऊन बोट पुढं केलं. शाई लावणारा साहेब माझ्या मोकळ्या मनगटाकडं बघून जरा थांबला. मी म्हटलं, "लावा की. चांगली ठळक लावा."

निकालाच्या दिवशी कुंभार सर आले ते अंगावरचा गुलाल कोपऱ्यावर झटकून. हलगी त्यांनी चौकातच थांबवली होती. तुमच्या फोटोपुढं उभे राहिले, नमस्कार केला आणि गेले. मी मात्र आत जाऊन तोंडाला पदर लावून हसले. सुतकात हसू नये म्हणतात.

आता आजचं सांगते, म्हणजे झालं. रंगरावानं घाटावर चारचौघांत कबूल केलं होतं की दिवसाच्या पंगतीला येणार. दिवसाच्या जेवणाला न येणं म्हणजे गेलेल्याशी वैर, हे कोल्हापुरात पोरंसुद्धा जाणतात. आणि पडल्यावर आला नाही तर गल्ली म्हणाली असती, रुसला. म्हणून आला. पहिल्याच पंगतीला, कुंभार सरांच्या शेजारी पाट मिळाला त्याला. ती जागा मीच सांगून ठेवली होती.

बायका म्हणाल्या, तू बसून राहा, आज तू वाढायचं नसतं. मी म्हटलं, एक पंगत वाढणार. डाव्या हातात आमटीचं भगुलं धरलं, उजव्या हातात पळी. सगळ्यांना वाढत वाढत त्याच्या पानापाशी आले आणि वाकले. भगुल्याच्या काठावर माझं बोट बरोबर त्याच्या डोळ्यांपुढं. शाई अजून काळीकुट्ट आहे, आठवडाभर तरी जात नाही.

"रंगराव," मी म्हटलं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं, "शाईचा हात हाय. चालतोय न्हवं?"

सगळे हात पानावर थांबले. फुलामावशी दारातून बघत होती. तो वर बघेना. उठून जाता येईना, दिवसाचं पान टाकून कोण उठतो? कानशिलापर्यंत लाल झाला. शेवटी म्हणाला, "वाढा वैनी."

वाढलं. तो खाली मान घालून भात कालवत राहिला. मनाला शांती मिळाली का म्हणाल, तर शांती बिंती काही नाही मिळाली, पण बरं वाटलं. लई बरं वाटलं. तुम्ही असता तर मला आत बोलावून रागावला असतात, आणि मग बाहेर जाऊन त्याला प्रेमानं पोळी वाढली असतीत. तुमची ती पोळी आज वाढायला कुणी नव्हतं. तेवढी एक जागा पंगतीत रिकामी होती, आणि ती मला दर घासाला दिसत होती.

डोक्यातनं काढ म्हणाला होतात. नाही काढलं. पण तुमच्या घरातून कुणी अर्धपोटी उठलेलं तुम्हाला कधी चाललं नाही, तेवढं मी पाळलं. रंगरावानं दुसऱ्यांदा आमटी मागितली नाही. मीच परत जाऊन, त्याच हातानं, दुसऱ्यांदा वाढली.